नव्या लाकडाचा मान

26 ऑक्टोबर 1882 रोजी अमेरिकेच्या नौदलाने अलास्कातल्या अँगून गावावर तोफा डागल्या. तिथल्या मूळनिवासी त्लिंगित लोकांची घरं जळाली, होड्या जळाल्या, हिवाळ्याची बेगमी गेली. नौदलाने माफी मागितली ती 2024 साली.

याच गावच्या दक्लावेदी कुळाची एक लाकडी टोपी आहे, किलर व्हेलच्या रूपातली. 1904 मध्ये ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयासाठी नेली गेली आणि 2005 मध्ये कुळाकडे परत आली. त्यानंतर कुळाने संग्रहालयाला तिचं लेसर स्कॅनिंग करू दिलं. त्या नोंदीवरून यंत्राने ऑल्डरच्या लाकडात प्रतिकृती कोरली, माणसांनी ती रंगवली. शतकभर अस्सल टोपी संग्रहालयात होती. आता ती घरी आहे, समारंभात डोक्यावर चढते, आणि प्रतिकृती संग्रहालयात लोकांना शिकवते. शिवाय डिजिटल नोंद जपलेली आहे. आगीत गाव गमावलेल्यांना तिचं मोल कुणी समजावून द्यायला नको.

अलास्कातल्याच सिटकाच्या किक्स-आदी या त्लिंगित कुळाची गोष्ट मला याहून मोठी वाटते. त्यांची स्कल्पिन माशाची टोपी 1884 पासून त्याच संग्रहालयात आहे. ती इतकी मोडली आहे की डोक्यावर घालणं अशक्य. तज्ज्ञांनी तिचं स्कॅनिंग केलं, मोडलेले भाग संगणकावर जुळवले आणि त्यावरून नवी टोपी कोरली. 2019 मध्ये जूनो शहरात कुळाने विधिपूर्वक ती आपली म्हणून स्वीकारली. घडवलेली मूर्ती प्राणप्रतिष्ठेनंतर पूजेला बसते, तसंच हे.

यंत्र दोन्हीकडे सारखंच काम करतं. तरी एक टोपी प्रतिकृतीच राहिली आणि दुसरीला कुळाच्या पवित्र ठेव्याचा मान मिळाला, कारण तसं त्या त्या कुळाने ठरवलं. लाकूड वाचवण्याच्या या साऱ्या खटाटोपात मला हा अधिकार सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तो हिरावून केलेलं स्कॅनिंग कितीही अचूक असो, ती पुन्हा एकदा केलेली उचलच.

आपल्याकडे जव्हार-मोखाड्याच्या बोहाडा उत्सवात मुखवटे घालून सोंगं नाचतात. त्यांतल्या जुन्या लाकडी मुखवट्यांचं स्कॅनिंग करायला कुणी निघणार असेल, तर आधी ते नाचवणाऱ्या घरांत जाऊन बसा. मोजमाप घेऊ का, हे विचारा, आणि फाइल कुणाकडे राहील, हेही त्यांनाच ठरवू द्या.