खराट्याचा फोटो कुणाचा?

ह्या अंकात फोटो नाही. देता आला असता तर दिला असता, आणि हे लिहायची कटकट वाचली असती. पण आपला अंक सायक्लोस्टाइलवर निघतो. स्टेन्सिलला दोनच गोष्टी कळतात. भोक असेल तिथं शाई, नसेल तिथं कोरा कागद. मधला करडा त्याच्या गावीच नाही. आणि मला ज्या फोटोबद्दल बोलायचंय तो सगळा करडाच आहे. म्हणून शब्दांत सांगतो, सोसून घ्या.

फोटो माझ्या आईच्या खराट्याचा आहे. आई रस्ते झाडते. मी गिरणीत रिंगफ्रेमवर तुटलेले धागे सांधतो, आणि उरलेल्या वेळात कविता करतो. कॅमेरा हे तिसरं खूळ. गोदाघाटावर बुधवारचा बाजार भरतो, तिथल्या भंगारवाल्याकडं दोन भिंगांचा जुना याशिका पडला होता. तो त्याला शोभेची वस्तू समजत होता. मी पाना-पक्कड घ्यायला गेलो होतो, हे घेऊन आलो.

ह्या कॅमेऱ्यात बघायचं तर मान खाली घालावी लागते. तो पोटाशी धरायचा आणि वरून काचेत बघायचं. काचेत डावं उजवीकडं दिसतं, उजवं डावीकडं. एका रोलमध्ये बारा फोटो. मोबाइल माझ्याकडंही आहे, त्यात हजार फोटो आहेत आणि एकही मी दुसऱ्यांदा पाहिलेला नाही. बाराच आहेत म्हटलं की माणूस दाबायच्या आधी थांबतो.

फिल्म धुणं घरीच. दुसरी पाळी सुटली की मध्यरात्री मोरीच्या दाराला घोंगडी लावायची. ते औषध वीस डिग्रीच्या आसपास लागतं. वैशाखात आमच्या नळाला चहाचं पाणी येतं, तेव्हा माठातलं घ्यायचं. आई ओरडते, "त्या हातानं माठाला शिवू नको!" पहिल्यांदा मला हसूच आलं. आमच्याही घरात माठ बाटायला लागला म्हणायचा. पण हिचं कारण खरं आहे, विषाचं आहे. त्यांच्या कारणात विष आमच्या हाताला नव्हतं.

तर तो फोटो. पहाटेची पाळी करून आईनं खराटा भिंतीला टेकवला होता. उन्हाची तिरीप आडवी येत होती. प्रत्येक काडीची सावली वेगळी पडली होती. सुतळीच्या गाठी दोरखंडाएवढ्या दिसत होत्या. आणि खराटा एका बाजूनं तिरपा झिजलेला, कारण आई उजव्या हाताची. मोठा करायचं यंत्र माझ्याकडं नाही. निगेटिव्ह कागदावर ठेवून वरून काच दाबायची आणि क्षणभर दिवा लावायचा. सहा सेंटिमीटरचा चौकोन निघतो. लाल दिव्याखाली ताटलीतल्या पाण्यात तो खराटा हळूहळू उगवला, तेव्हा खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला. सुंदर होता. कविता जमल्यावर होतं तसं झालं.

मग भानगड सुरू झाली.

फोटोतलं कळणाऱ्या एका गृहस्थांना दाखवला. ते म्हणाले, "वा, काय पोत आहे! हा मोठा करून प्रदर्शनात ठेवू या. नाव देऊ 'रेषा'." चळवळीतला मित्र म्हणाला, "साल्या, मोर्चे सोडून खराटे काढतोस? जे हातातनं टाकायचं ते भिंतीवर लावणार तू?" आईला दाखवला. तिनं दिव्याखाली धरला, लांबून बघितला, जवळून बघितला. म्हणाली, "माणूस मेल्यावर त्याच्या वस्तू अशा कोपऱ्यात ठेवत्यात. मी कुठंय ह्याच्यात?"

दोस्तहो, ह्या तिघांतलं कोण बरोबर, हे मला तीन महिने सुटत नाहीये.

अमेरिकेत एडवर्ड वेस्टन म्हणून फोटोवाला होऊन गेला. त्यानं १९२५ साली मेक्सिकोत आपल्या संडासाच्या भांड्याचा फोटो काढला. पांढरंशुभ्र, वळणदार, देवळातल्या मूर्तीसारखं. १९३० साली त्यानं एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून टिपली. तो फोटो जगभर गाजला. मी छापील पुस्तकात पाहिला आहे, मिरची नव्हे, पाठमोरं माणूसच वाटतं. मी त्याला शिव्या घालायला बसलेलो नाही. रोजच्या वस्तूकडं असं बघता येतं हे मला त्याच्याकडूनच कळलं. पण संडासाचा फोटो बघताना माझ्या पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की हे घासलं कुणी? फोटो काढण्याआधी कुणीतरी घासलं असणारच. ज्याच्या घरात घासणाऱ्यांच्या पिढ्या आहेत त्याला हा प्रश्न पडतो, दुसऱ्याला वळण दिसतं. आपल्याकडं हातानं मैला साफ करवून घेण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली पुन्हा करावा लागला.

आणि १९३० म्हटलं की नाशिकच्या माणसाला मिरची आठवत नाही. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. काळ्या दगडाचं देऊळ, काळा राम, आणि काळ्या माणसांना दार बंद. (नाशकात गोराराम पण आहे. हा विनोद मी केलेला नाही.) वर्षानुवर्षं आपली माणसं, दादासाहेब गायकवाडांसारखी, त्या दाराशी झगडली. त्याच वर्षी आपल्या विहितगावात बाबुराव बागूल जन्मले.

वस्तू बिचारी निरपराध असते, असं ते गृहस्थ म्हणतात. असते का? बाबासाहेबांनी १९३६ साली 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये पेशवाईतल्या पुण्याचं सांगितलंय. अस्पृश्याच्या कमरेला झाडू, आपली पावलं पुसत जायला. गळ्यात मडकं, थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून. ह्या दोन वस्तूंचा कुणी नुसता 'पोत' दाखवला तर तो आंधळा आहे, नाहीतर लबाड.

पण इथंच माझ्या मित्राचंही गणित चुकतं. त्याच दोन वस्तू, झाडू आणि गाडगं, गाडगेबाबांनी स्वतःहून उचलल्या. गाडगं डोक्यावर, झाडू हातात, आणि गावोगाव आधी घाण काढायची, मग कीर्तनात लोकांची डोकी झाडायची. बाबासाहेब गेले ६ डिसेंबर १९५६ ला, गाडगेबाबा त्याच महिन्यात २० तारखेला. वस्तू तीच. एकाच्या कमरेला बांधली, दुसऱ्यानं आपणहून हाती घेतली. म्हणजे अपमान काड्यांत नाही, बांधणाऱ्याच्या हातात आहे. आणि हात फोटोत येत नाही. आईचा नेमका हाच सवाल होता.

आपल्या जिल्ह्यातला दुसरा दाखला बघा. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी सिनेमा काढायच्या आधी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर लावला. रोज एक-एक चित्र टिपत महिन्यावरची वाढ मिनिटभरात दाखवली. 'अंकुराची वाढ', १९१२. माझ्या मते तेवढा वाटाणा बाकी सगळ्याला भारी आहे. त्यात देव नाही, राजा नाही. ज्यानं पाणी घातलं त्यानंच बघितलं, रोज, न कंटाळता. मग १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र'. ती कथा तुम्हाला ठाऊक आहे. राजा डोंबाच्या घरी राबला म्हणून लोक पिढ्यान् पिढ्या रडत आले. डोंब जन्मभर त्याच मसणात उभा आहे, त्याच्यासाठी कोण रडलं? पाठीमागची वस्तू असल्यासारखा उभा आहे तो.

फोटो खोटं बोलत नाही असं म्हणणाऱ्यानं एकदा लाल काच हातात घ्यावी. जयंतीच्या दिवशी मी आपला निळा झेंडा आणि शेजारच्या गल्लीतला भगवा एकाच फोटोत घेतला. दोघं जवळजवळ सारखेच करडे आले. भिंगापुढं लाल काच धरली तर निळा काळाठिक्कर पडला आणि भगवा पांढरा. झेंडे तेच, ऊन तेच. तसंच आईच्या लग्नाच्या फोटोचं. स्टुडिओवाल्यानं तिला न विचारता गोरी केली आहे, इतकी की मी लहानपणी ही कोण बाई म्हणून विचारायचो. निगेटिव्हमध्ये मात्र आम्ही सगळे आपसूक गोरे असतो, फुकटात.

मग मी ठरवलं, ज्याची वस्तू त्यानंच सांगायचं काय काढायचं. आईला म्हटलं, तू सांग. तिनं फळीवरून पितळेची घागर काढली. "हिचा काढ. पहिल्या पगाराची हाये." चिंच लावून घासली, दारात ठेवली, पदर सारखा करून बाजूला उभी राहिली. मी मान खाली घालून काढला. फोटो सपाट आला. ऊन गेलं होतं, घागर पाठीमागच्या भिंतीत बुडाली. खराट्याच्या फोटोपुढं काहीच नाही, हे मला मान्य करावंच लागेल. न्याय झाला आणि फोटो बिघडला, ह्याचं काय करायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही.

पण भिंग लावून बघितलं तर घागरीच्या पोटात दार दिसतं, पांढऱ्या पट्टीसारखं. त्यात वाकलेला एक माणूस, डोकं नसल्यासारखा. आणि त्याच्या शेजारी तांदळाच्या दाण्याएवढी आई, कमरेवर हात. तिला भिंग दिलं. बराच वेळ बघत बसली. "ह्ये बरंय," म्हणाली आणि भाकरी थापायला गेली.

खराट्याची निगेटिव्ह डाळीच्या डब्यात आहे. प्रदर्शनवाल्यांना मी अजून उत्तर दिलेलं नाही. परवा आईला विचारलं, देऊ का? ती म्हणाली, "मला काय विचारतो? आधी तुला काय वाटतं ते सांग."