शंभूनाथ डे यांचा एच-इंडेक्स किती होता?

जगातल्या ‘अव्वल दोन टक्के’ शास्त्रज्ञांची यादी स्टॅनफर्डचे जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी दरवर्षी काढतात, आणि आपल्याकडे कॉलेजांच्या फाटकांवर फ्लेक्स लागतात. नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या शेजारी, त्याच भडक अक्षरांत. मी यावर हसलो, तर वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठाता राहिलेले आमचे एक मित्र चिडले. माणसं वशिल्याला भुलतात, आकडे भुलत नाहीत, असा त्यांचा दावा. विभागप्रमुखाने ज्याला वर्षानुवर्षं दाबून ठेवलं, त्याला निदान सायटेशन तरी न्याय देतात म्हणे.

आकडे भुलत नाहीत? एच-इंडेक्स २००५ साली जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने मांडला. तुमच्या वीस पेपरांना प्रत्येकी किमान वीस सायटेशन असतील, तर तुमचा इंडेक्स वीस. म्हणजे चारच पेपर लिहून एखाद्याने विषय उलटापालटा केला, तरी त्याचा इंडेक्स चारच्या वर जायचा नाही. उलट, सायटेशनची देवघेव लग्नातल्या आहेरासारखी वही ठेवून करणाऱ्यांचा फुगत जातो. ऑलिव्हर लॉरी यांचा प्रथिनं मोजण्याच्या पद्धतीवरचा १९५१चा पेपर तीन लाखांहून अधिक वेळा उद्धृत झाला आहे. तो काही थोर पेपर नव्हे, हे खुद्द लॉरींनीच सांगून ठेवलं होतं.

पण माझा हुकमाचा एक्का कोलकात्याचा. कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४मध्ये त्याच शहरात ओळखला आणि तो विष सोडत असावा, असा तर्कही केला. ते विष पुढची पंच्याहत्तर वर्षं कुणाला नीट दाखवता आलं नाही. शंभूनाथ डे या पॅथॉलॉजिस्टने सशाच्या आतड्याचा एक भाग दोन्हीकडून दोऱ्याने बांधला आणि १९५३मध्ये सहकारी चटर्जींबरोबर त्यात जंतू सोडून पाहिले. तो भाग पाण्याने टरारून फुगला. मग १९५९मध्ये त्यांनी जंतू गाळून काढून नुसतं द्रावण घातलं, तरी तेच घडलं. जंतू नव्हते, विष होतं. ‘नेचर’मधला तो पेपर जेमतेम दोन पानांचा, आणि लेखक एकटे डे. (त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिनमधून दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनी सशाच्या पिल्लांवरचे कॉलऱ्याच्या विषाचे प्रयोग प्रसिद्ध केले. आपल्या किती एमबीबीएसना ही नावं ठाऊक आहेत?)

जोशुआ लेडरबर्ग यांनी डे यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं होतं. देशातल्या एकाही प्रमुख विज्ञान अकादमीने मात्र त्यांना फेलो केलं नाही. १९७८च्या नोबेल परिसंवादाचं आमंत्रण आलं, तेव्हा डे तिथे म्हणाले की मी साठच्या दशकापासून मेलेलोच आहे, तुम्ही मला उकरून बाहेर काढलंत. १९८५ मध्ये ते खरोखरच गेले.

इथेच लेख संपवून मित्राला पाठवायचा, असा माझा बेत होता. पण मग प्रश्न पडला, डे यांना डावललं कुणी? तेव्हा एच-इंडेक्स जन्मालाही आला नव्हता. डावललं ते जाणत्यांनी, ज्यांच्या पारखीची तरफदारी मी आकड्यांविरुद्ध करत होतो त्या बुजुर्गांनी. आणि पुढच्याच वर्षी, १९८६मध्ये, डे यांच्या कामाचा ठसा कॉलरा-संशोधनात कुठवर उमटलाय याचा माग काढून लेख लिहिला तो युजीन गारफिल्ड यांनी. म्हणजे सायटेशन इंडेक्सच्या जनकानेच! मित्राला हे माहीत असतं, तर त्याने मला तिथल्या तिथे गप्प केलं असतं.

तरीही मी पूर्ण शरण जात नाही. डे यांचा पेपर उद्धृत करणाऱ्या परदेशी संशोधकांना त्यांच्याकडून काही मिळणार नव्हतं. म्हणून ती मोजदाद साक्षीला उभी करण्याजोगी होती. आज त्याच मोजदादीवर बढती ठरते, कॉलेजचं मानांकन ठरतं, आणि लाच घेतलेल्या साक्षीदाराची जी किंमत तीच तिची होते. मात्र मित्राची निम्मी तक्रार मी मान्य करतो. निवड समित्यांवर बसणारे आम्ही लोक उमेदवाराचे पेपर वाचत नाही. आकडे यायच्या आधीही वाचत नव्हतो, तेव्हा शिफारसपत्राखालची सही पाहायचो.

तेव्हा अधिष्ठातामहाशय, पुढच्या मुलाखतीला उमेदवाराकडून त्याच्या पसंतीचा एकच पेपर मागवा. आणि उमेदवाराला आत बोलावण्याआधी समितीतल्या प्रत्येकाला, मी असलो तर मलाही, विचारा की त्या पेपरात नेमकं काय लिहिलंय. ज्याला सांगता येणार नाही, त्याला चहा पाजून घरी पाठवा.