वस्त्र आणि मुखत्यारी

पुरुषाने स्वतःसाठी कापड घेताना दुसऱ्याचे साहाय्य घ्यावे की नाही, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. साहाय्य घेण्यात उणेपणा नाही, हे आम्ही आरंभीच मान्य करतो. रंगाची पारख आणि पोताची जाण सर्वांनाच लाभत नाही. प्रश्न आहे तो साहाय्य घेणाऱ्याच्या वृत्तीचा.

गेल्या दिवाळीपूर्वी आम्ही सहकुटुंब बेळगावच्या खडे बाजारात गेलो. दुकानदार ताग्यामागून तागा उलगडीत होता. आमच्या सौभाग्यवती कापड चिमटीत धरून, उजेडात नेऊन पारखीत होत्या. आणि आम्ही बाकावर बसून वृत्तपत्र चाळीत होतो. त्यांनी विचारले तेव्हा, "आम्हाला त्यातले काय कळते?" असे म्हणालो, आणि या अज्ञानाला मनोमन वैराग्याचे नाव दिले. सदरा शिवून आल्यावर मात्र आमचे ज्ञान एकाएकी जागे झाले. "हा रंग कोणी निवडला?" उत्तर शांतपणे आले, "अहो, दुकानात तुम्हाला तोंड नव्हते का?"

हा युक्तिवाद आम्हाला खोडता आला नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे मुखत्याराने अधिकारात राहून केलेले कृत्य मालकावर बंधनकारक असते. अधिकार नसताना केलेल्या कृत्यालाही मालक मागाहून मान्यता देऊ शकतो, आणि ती शब्दांनीच द्यावी लागते असे नाही. वर्तनातूनही ती सिद्ध होते. सदरा अंगात घातला की निवड आमची झाली. मग दोष तेवढा मुखत्याराचा, हा कोठला न्याय?

देवळात देव आपले वस्त्र स्वतः निवडीत नाही, पुजारी नेसवितो. तरीही १९२५ साली कलकत्त्याच्या मल्लिक घराण्याच्या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने असा निर्णय दिला की, मूर्ती ही सेवकांनी मर्जीप्रमाणे हलवावी अशी निव्वळ वस्तू नव्हे. तिच्या इच्छेचा मान राखला पाहिजे, आणि ती इच्छा मांडण्यास निःस्वार्थी प्रतिनिधी हवा. जो बोलत नाही त्याच्या इच्छेची न्यायासन एवढी काळजी वाहते. आणि वाचा असलेला गृहस्थ बाकावर स्वतःचीच मूर्ती करून बसतो, आपले मन दुसऱ्याने ओळखावे अशी अपेक्षा धरतो, व ते न ओळखल्यास कोपतो! मौन देवाला शोभते, आपल्याला नाही.

पत्नीच्या निधनानंतर प्रथमच कापडाच्या दुकानात आलेले एक वृद्ध गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. दुकानदाराने सदऱ्याचे माप विचारताच त्यांनी सवयीने मागे वळून पाहिले. मागे कोणी नव्हते.

म्हणून आमचे मत असे: साहाय्य अवश्य घ्यावे, पण जवळ उभे राहून, आपली आवड स्पष्ट सांगून, आणि फसलेल्या निवडीतला आपला वाटा मान्य करून. ज्यांनी आपल्यासाठी श्रम घेतले त्यांना चांगल्या निवडीचे श्रेयही तत्काळ द्यावे. येत्या दिवाळीस आम्ही वृत्तपत्र घरी ठेवून जाणार आहोत.