उंची भिंतीवर, पत्ता खिशात

कोन, ता. भिवंडी

चि. धाकट्यास,

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन येतोयस आणि इथून खोपोलीच्या इमॅजिकाला न्यायचं म्हणतोस, फार आनंद झाला. आपल्या लहानपणी गोराईचं एस्सेलवर्ल्ड होतं. ते २०२२ साली बंद झालं. इमॅजिका २०१३ पासून आहे. भाऊबीज होऊ दे, मग मधला वार बघून जा.

निघण्याआधी दोघांना भिंतीशी उभं करून उंची मोज. तिथे राईडला वय नाही, उंची बघतात. कशाला किती उंची लागते ते आदल्या रात्रीच बघून ठेव आणि थोरल्याला घरीच सांग, की 'नायट्रो'ची राईड यंदा नाही. तासभर रांगेत उभं राहून ऐन दारातून परत फिरायला लागलं, तर त्या वयात फार लागतं रे.

तिथे राजासॉरसची राईड आहे. तो नर्मदेच्या खोऱ्यातला, आपल्याच देशातला डायनोसॉर. त्याला नाव मिळालं २००३ मध्ये. रात्री झोपताना त्याची गोष्ट सांग, म्हणजे अंधारात गुरगुरला तरी तो ओळखीचा वाटेल. चिमणी मात्र 'नको' म्हणाली, तर 'तिकिटाचे पैसे भरलेत' म्हणून तिला ओढू नकोस. एकदा बसलेली भीती वर्षभर जात नाही. दुपारी ती पेंगेलच. तेव्हा सावली शोध आणि तिला मांडीवर झोपू दे. चार राईड राहिल्या तर राहू देत.

खोपोलीला लोकल मोजक्याच. मुलं बरोबर असताना गाडीच बरी, शिळफाट्यावरून पनवेल, मग एक्स्प्रेसवे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एका जत्रेत माझ्या पोराचा हात सुटला होता. पाव तासात सापडला, पण तो पाव तास अजून अंगावर येतो. म्हणून दोघांच्या खिशात तुझा फोन नंबर आणि इथला पत्ता लिहिलेली चिठ्ठी हवीच. चुकलास तर जागचा हलू नकोस, गणवेशातल्या माणसाला चिठ्ठी दाखव, हे थोरल्याकडून दोनदा वदवून घे. आणि पत्ता नुसता 'कोन' नको. पनवेलजवळ, तुमच्या वाटेवरच, दुसरं कोन आहे. लोक त्यालाच धरून बसतील. 'कोन, भिवंडी' असं पूर्ण हवं.

आदल्या संध्याकाळी लवकर ये. चिठ्ठ्या मी माझ्या हातानं लिहून ठेवते.

तुझी,
ताई