न खेळलेला सामना

जुन्या क्रीडासंघाचा इतिहास सांगावयास बसलेला मनुष्य बहुधा जिंकलेल्या सामन्यांपासून आरंभ करतो, मग बळींचे आकडे येतात, मग नामांकित खेळाडूंच्या लकबी येतात, आणि अखेरीस ‘ते दिवस राहिले नाहीत’ असा निःश्वास टाकून तो वही मिटतो. जो सामना एखादा खेळाडू जाणूनबुजून खेळलाच नाही, त्याची नोंद त्या वहीत सहसा सापडत नाही. मुंबईच्या हिंदू संघाचा इतिहास मी जेव्हा जेव्हा चाळतो, तेव्हा पाळवणकर बंधूंनी गाजविलेल्या सामन्यांहून त्यांनी नाकारलेला एक सामना मला अधिक संस्मरणीय वाटतो. हे मत महाडात बसून, चवदार तळ्याच्या शेजारी मांडावे हे वरकरणी विसंगत दिसेल, कारण या गावाचा क्रिकेटशी संबंध इतर कोकणाइतकाच: भातकापणी उरकली की पोलादपूरपर्यंतच्या वाड्यावाड्यांतून टेनिस चेंडूच्या सामन्यांचे फलक लागतात, मुंबईचे चाकरमानी रजा टाकून गावच्या संघात उतरतात, आणि ध्वनिक्षेपकावरचा निवेदक दर चौकाराला बक्षीस पुकारतो. परंतु पाळवणकरांची हकिगत आणि या तळ्याची हकिगत या एकाच काळातल्या, एकाच प्रश्नाच्या दोन कैफियती आहेत, आणि एकीवाचून दुसरी अपुरी राहते.

पाळवणकर बाळू हा चर्मकार समाजातला मुलगा पुण्यात प्रथम पारशांच्या एका क्लबात आणि नंतर युरोपियनांच्या पूना जिमखान्यात मैदानावरचा नोकर म्हणून राहिला. जाळी बांधणे, रूळ फिरविणे, खेळपट्टी निगुतीने राखणे ही त्याची कामे, आणि पगार महिना चार रुपये. साहेबलोकांना सरावासाठी कोणीतरी चेंडू टाकावयास हवा असे, म्हणून त्याच्या हाती चेंडू आला, आणि त्या डाव्या हातात मंदगती फिरकीची जी दैवी देणगी होती तिची ओळख प्रथम त्या गोऱ्या फलंदाजांना पटली. कॅप्टन ग्रेग हा त्या काळचा मातबर फलंदाज बाळूने आपल्याला बाद केले की दर वेळी आठ आणे देई अशी आख्यायिका आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो, तिच्यात त्या व्यवहाराचे स्वरूप नेमके उतरले आहे: कौशल्याचे मोल रोख चुकते होत होते, पण तासन्‌तास चेंडू टाकणाऱ्या त्या मुलाच्या हाती बॅट द्यावी असे त्या जिमखान्यात कोणाला वाटले नाही.

पुढे पुण्यातल्या हिंदूंच्या क्लबाला युरोपियनांशी टक्कर द्यावयाची होती, आणि बाळूला वगळून ती देता येणार नाही हे उघड होते. तेव्हा बरीच खळखळ होऊन त्याला संघात घेण्यात आले. मैदानावर तो टाकी तो चेंडू ब्राह्मण यष्टिरक्षक हातात घेई, ब्राह्मण क्षेत्ररक्षक त्याच्याकडे परत फेकी, आणि त्यात विटाळाचा प्रश्न कोणी काढीत नसे. परंतु चहापानाची वेळ झाली की इतर खेळाडू आत जाऊन चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत आणि बाळूला बाहेर, वापरून फेकून द्यावयाच्या मातीच्या भांड्यात तो मिळे; जेवणास त्याचे पान निराळे; आणि हाततोंड धुवावयाचे झाल्यास मैदानाच्या कोपऱ्यात त्याच्याच पायरीचा एखादा नोकर किटलीतून पाणी घाली. एकाच चामड्याच्या चेंडूला अकरा जणांचे हात लागत होते, आणि तेच अकरा जण पाण्यापाशी येताच दहा आणि एक असे विभागले जात होते. सीमारेषा ओलांडून आत आलेला शास्त्रार्थ सामना चालू असेपर्यंत गप्प बसे आणि पाण्याचे भांडे दिसताच पुन्हा बोलू लागे, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढे महाडास पाण्यावरूनच झगडा का उभा राहिला याचे आश्चर्य वाटत नाही.

मुंबईत आल्यावर रेल्वेची नोकरी आणि हिंदू जिमखाना या दोहोंच्या आश्रयाने बाळूची कीर्ती वाढली. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू आणि युरोपियन यांच्यात जो सामना झाला तो हिंदूंनी १०९ धावांनी जिंकला. हिंदूंच्या २४२ आणि १६० धावांना युरोपियनांचे उत्तर १९१ आणि १०२ इतकेच आले. दुसऱ्या डावात राज्यकर्त्यांच्या फलंदाजीची जी पडझड झाली तिचे श्रेय मुख्यतः बाळूच्या डाव्या हाताचे होते, आणि त्याचा धाकटा भाऊ शिवराम हाही त्याच संघात होता. वंगभंगाच्या चळवळीने देश तापलेला असता मिळालेला हा विजय नुसता क्रीडाविजय राहणे शक्यच नव्हते. आणि सामाजिक सुधारणेच्या कैवाऱ्यांनी त्यात दुहेरी अर्थ वाचला, कारण ज्याला शिवू नये त्याच्याच आधारावाचून हिंदू संघाला हा मान लाभता ना.

१९११ च्या विलायतेच्या दौऱ्याविषयी थोडक्यात सांगतो. पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली गेलेला तो संघ एकामागून एक सामने हरला. महाराज स्वतः मेजवान्यांत आणि दरबारी समारंभांत गुंतलेले. आणि पस्तिशी गाठलेला बाळू मात्र दिवसामागून दिवस गोलंदाजी करीत राहिला. सर्व सामने मिळून त्याने शंभरावर बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत आठ बळी घेतले, आणि लेस्टरशायरवर जो दुर्मिळ विजय मिळाला त्यातही त्याचा वाटा मोठा होता. तो परतला तेव्हा मुंबईत अस्पृश्य समाजाने त्याचा सत्कार केला, आणि त्या प्रसंगीचे मानपत्र भीमराव आंबेडकर नावाच्या एका तरुण विद्यार्थ्याने लिहिले होते. ज्या समाजाला आपला म्हणून दाखविण्यासारखा, सर्व देशाने मान्य केलेला पुरुष तोवर क्वचितच लाभला होता, त्या समाजाला बाळू हा केवढा आधार वाटला असेल याची कल्पना आज सहज येणार नाही.

आणि तरीही कप्तानपद नाही. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे तिघे धाकटे भाऊही हिंदू संघातून खेळले. विठ्ठल तर आपल्या पिढीतल्या उत्कृष्ट फलंदाजांत गणला गेला. बाळूच्या ज्येष्ठतेविषयी शंका नव्हती आणि अनुभवाविषयी तर नव्हतीच, पण नेतृत्वाचा प्रश्न आला की निवडकर्त्यांची नजर दुसरीकडे वळे. १९१३ साली कप्तान मुकुंद पै यांनी एका समारंभात हा मान खरे म्हणजे बाळूचा होता असे उघडपणे सांगितले. पैंची ही सचोटी निश्चितच गौरवास्पद आहे. मात्र एकट्या सज्जनाच्या कबुलीने दप्तरातला अन्याय खोडला जात नाही, आणि तसा तो तेव्हा खोडला गेलाही नाही.

मग १९२० साल उजाडले. हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन या चार संघांच्या चौरंगी सामन्यांत हिंदूंची गाठ मुसलमानांशी होती, पै आजारी होते, आणि निवड मंडळाने बाळूला संघातूनच वगळून कप्तानपद पुण्याचे तरुण देवधर यांना दिले. देवधर हे पुढे थोर खेळाडू म्हणून सर्वमान्य झाले, त्यांच्या योग्यतेविषयी वाद घालण्याचे कारण नाही. परंतु ज्येष्ठतेच्या क्रमाने बाळू नाही तर शिवराम, शिवराम नाही तर विठ्ठल अशी रांग उभी असता ती सबंध ओलांडली गेली, आणि ती कोणत्या कारणाने ओलांडली गेली हे सर्वांना ठाऊक असून कोणी उच्चारीत नव्हते. शिवराम आणि विठ्ठल यांनी ते उच्चारले. दोघांनी संघातून अंग काढून घेतले आणि वृत्तपत्रांतून निवेदन प्रसिद्ध करून आपल्या जातीमुळे आपल्याला डावलले जात असल्याची तक्रार जाहीरपणे मांडली. गदारोळ उठला, लोकमत पुष्कळसे भावांच्या बाजूचे होते, आणि पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्याला पै परतले तेव्हा बाळू उपकप्तान म्हणून पुन्हा संघात होता. त्या सामन्यात पै काही काळ आपण होऊन मैदानाबाहेर राहिले आणि तेवढ्या वेळापुरते का होईना, हिंदू संघाचे नेतृत्व बाळूने केले.

माझ्या मते या इतिहासाचे वळण १९०६ च्या विजयात नसून येथे आहे. तोवर पाळवणकरांना जे मिळाले ते गुणांच्या मोबदल्यात मिळाले. बळी घ्यावेत आणि त्या प्रमाणात माणुसकीचा हप्ता पदरात पाडून घ्यावा, असा तो करार होता. या करारातली मेख अशी की ज्याच्या हाती बाळूची फिरकी नाही त्या त्याच्या जातभाईला त्यातून काहीच लाभत नाही, आणि ज्याच्या हाती ती आहे त्यालाही हप्ता किती द्यावयाचा हे देणाराच ठरवितो. १९२० साली दोघा भावांनी देणाऱ्याचे हे ठरविणेच अमान्य केले. हा सामना आम्ही जिंकून देऊ शकतो, म्हणूनच तो आम्ही खेळणार नाही, असे म्हणण्यात केवढे धैर्य आहे! तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल हिंदूंचा कप्तान झाला, संघाने युरोपियनांना हरवून अजिंक्यपद मिळविले, आणि प्रेक्षकांनी त्याला खांद्यावर घेतले.

योगायोग असा की त्याच वर्षी, ४ ऑगस्ट १९२३ रोजी, मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर बोले यांचा ठराव संमत झाला, आणि सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा यांची मुभा अस्पृश्यांना असावी असे सरकारी धोरण झाले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली त्याप्रमाणे चवदार तळे सर्वांस खुले केले, अर्थात कागदावर. म्युनिसिपालिटीचा ठराव दप्तरात आणि गावची वहिवाट पायऱ्यांवर अशी तीन वर्षे गेली. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या मागोमाग परिषदेची सारी माणसे तळ्यावर आली आणि पाणी प्यायली. त्यानंतरचा दंगा, परिषदेहून परतणाऱ्या माणसांना झालेली मारहाण आणि पंचगव्याने केलेले तळ्याचे शुद्धीकरण ही हकिगत महाडात लहान मुलालाही ठाऊक आहे. मला येथे एवढेच दाखवावयाचे आहे की त्या जमावात बाळूच्या तोडीचे खेळाडू किती, विद्वान किती, पराक्रमी किती असा हिशेब कोणी केला नाही. तळ्यावर गुरे येत होती, परधर्मी येत होते, आणि त्यांच्याकडून पात्रतेचा दाखला मागितला जात नव्हता. मग या मनुष्यांनीच तो का द्यावा, असा तो सरळ सवाल होता. पाळवणकरांच्या हकिगतीतून ‘गुणी माणसाला अखेर न्याय मिळतोच’ असे तात्पर्य काढण्याचा मोह पुष्कळांना होतो. महाडच्या पायऱ्यांवरून पाहिले म्हणजे ते किती तोकडे आहे ते दिसते.

याला एक आक्षेप संभवतो, आणि तो खुद्द बाळूच्या आयुष्यातूनच निघतो. १९३२ साली स्वतंत्र मतदारसंघांच्या वादात तो आंबेडकरांच्या विरुद्ध पक्षाला होता. पुणे करारावर दोघांच्याही सह्या आहेत, पण त्या सह्यांपर्यंत दोघे निरनिराळ्या वाटांनी आले. १९३७ च्या निवडणुकीत तर काँग्रेसने मुंबईत आंबेडकरांच्या विरुद्ध बाळूलाच उभे केले आणि त्यात आंबेडकर विजयी झाले. या उमेदवारीवरून बाळूला कोणी फितूर म्हणतात, ते मला मान्य नाही. ज्याने पैंची कबुली ऐकली, ज्याच्या भावाला सवर्णांच्या खांद्यांवरून मिरवलेले पाहिले, त्याला हिंदूंचे अंतःकरण पालटते असे वाटले तर तो त्याच्या अनुभवाचा प्रामाणिक निष्कर्ष होता. आंबेडकरांचा अनुभव महाडचा होता, जेथे तळे खुले करणारा ठराव त्याच नगरपालिकेने १९२७ च्या ऑगस्टात मागे घेतला आणि डिसेंबरात दिवाणी दावा लावून मनाई हुकूम आणला गेला. एकाला गुणाच्या बळावर दार किलकिले झालेले दिसले, दुसऱ्याला उघडलेले दार पुन्हा लावले गेलेले दिसले. दोघांत अधिक व्यापक सत्य कोणाच्या हाती होते याविषयी माझ्या मनात संदेह नाही, कारण बाळूसारखा हात शतकात एखाद्याला मिळतो आणि तहान प्रत्येकाला लागते.

निवडणूक होऊन थोडेच दिवस लोटले असतील, तोच १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने चवदार तळ्याच्या दाव्यात आंबेडकरांच्या बाजूने निकाल दिला. वादींचा सारा भर वहिवाटीवर होता. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादि कालापासून चालत आली असल्याचे त्यांना शाबीत करता आले नाही. १९२० साली हिंदू संघाच्या निवडकर्त्यांपाशीही लेखी नियम असा नव्हता, अमक्या जातीचा कप्तान होऊ नये असे कोणत्याही घटनेत लिहिलेले नव्हते. त्यांचाही आधार वहिवाटच होता, आणि तिचा पुरावा त्यांच्याकडे प्रथम दोघा खेळाडूंनी मागितला. विठ्ठलने पुढे १९४८ साली ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीतच लिहिले. चौरंगी सामन्यांची कहाणी आज जे कोणी इंग्रजीतून वाचतात, त्यांनी ते मिळवून मुळातून वाचावे.