‘रोहना’ आणि तिचे खलाशी

नर्मदाकाठच्या आमच्या जबलपुरापासून समुद्र शेकडो मैल दूर असला, तरी या शहराचा अर्वाचीन इतिहास लिहू पाहणाऱ्याला बंदर आणि जहाज हे दोन विषय टाळता यायचे नाहीत. १८७० साली मुंबईकडचा आणि कलकत्त्याकडचा लोहमार्ग येथे एकमेकांस मिळाले, १९०४ साली तोफगाड्यांचा कारखाना उभा राहिला, पुढे सिग्नल दलाचे प्रशिक्षण केंद्र आले. आणि दुसऱ्या महायुद्धात येथे तयार झालेले जवान व येथील रसद आगगाडीने बंदरापर्यंत व तेथून सैनिकवाहू जहाजांनी परमुलखात रवाना होऊ लागली. फौजेच्या आश्रयाने वाढलेल्या शहराने त्या जहाजांची विचारपूस करणे म्हणूनच अप्रस्तुत नव्हे.

अशा जहाजांपैकी ‘रोहना’ हिचा वृत्तान्त मला विशेष विचारणीय वाटतो. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीसाठी १९२६ साली इंग्लंडात टाइन नदीच्या काठी बांधलेली, आठ हजार सहाशे टनांची ही बोट मद्रास, नागपट्टण आणि सिंगापूर यांच्या दरम्यान फिरत असे. वरच्या वर्गाच्या मोजक्या खोल्या सोडल्या, तर तिचा खरा उतारू म्हणजे उघड्या डेकवर वळकटी पसरणारा, मलायातील रबराच्या मळ्यांकडे निघालेला तमिळ मजूर. आणि असे पाच हजारांहून अधिक उतारू तिच्यावर चढविण्याची रीतसर परवानगी होती. १९४० साली सरकारने ती युद्धकार्यासाठी ताब्यात घेतली, तेव्हा तिचा कायापालट झाला असे लिहिण्याचा प्रघात आहे. मला तो मान्य नाही. माणसांकडे माणसे म्हणून न पाहता किती चौरस फुटांत किती मावतात या हिशेबाने पाहणारी दृष्टी त्या बोटीच्या बांधणीतच मुरलेली होती. मजुरांच्या जागी शिपाई आले, एवढाच काय तो फरक.

२६ नोव्हेंबर १९४३ रोजी सुमारे दोन हजार अमेरिकन सैनिकांना घेऊन ती ओरानहून सुएझमार्गे हिंदुस्थानाकडे येत असता, अल्जीरियाच्या किनाऱ्यालगत एका जर्मन विमानाने सोडलेला, रेडिओच्या साहाय्याने दिशा देता येणारा बॉम्ब तिच्या कुशीत शिरला. हे अस्त्र त्या काळी इतके नवे होते, की त्याची वाच्यता होऊ नये म्हणून दुर्घटनेचा तपशील दडपण्यात आला आणि मृतांच्या आप्तांना कित्येक वर्षे धड उत्तर मिळाले नाही. एकंदर ११३८ माणसे दगावली, त्यांपैकी १०१५ अमेरिकन सैनिक होते; शत्रूच्या एका हल्ल्यात समुद्रावर इतके अमेरिकन सैनिक त्या युद्धात अन्यत्र कोठेही मेले नाहीत. ‘पायोनिअर’ या अमेरिकन युद्धनौकेने उसळत्या पाण्यातून सहाशेहून अधिक जणांना वर काढले.

वाचलेल्यांपैकी काहींनी पुढे ज्या हकिकती सांगितल्या, त्यांत एक आरोप पुनःपुन्हा येतो: हिंदी खलाशी सैनिकांना सोडून आधी पळाले. गंजलेल्या कप्प्या आणि रंगाच्या थरांनी जखडलेल्या जीवनौका सुटेनात, हेही त्याच हकिकतींत आहे. पण नौकांची देखभाल ही कंपनीची आणि अधिकाऱ्यांची जबाबदारी असते, हा मुद्दा मात्र आरोप करणाऱ्यांच्या ध्यानी क्वचितच येतो. ज्याने आपला सोबती डोळ्यांदेखत बुडताना पाहिला त्याच्या संतापाला मी नावे ठेवणार नाही. परंतु संतापाची साक्ष आणि इतिहासाचा निवाडा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बोटीवरच्या सुमारे दोनशे कर्मचाऱ्यांत बहुसंख्य हिंदी होते, आणि त्या दोनशेंतील निम्म्याहून अधिक त्या संध्याकाळी मरण पावले. मृत्यूचा आकडा हा शौर्याचा पुरावा नव्हे, हे मला कबूल आहे, आणि काही जण घाबरून आधी उतरलेही असतील. तथापि ज्या जमावाने म्हणे आपला जीव वाचवून पोबारा केला, त्यातील अर्ध्याहून अधिक माणसे बुडाली कशी, याचे उत्तर आरोप करणाराने दिले पाहिजे.

हे खलाशी कोण होते? रत्नागिरी, गोवा, सिल्हट, चितगाव अशा प्रदेशांतून अशा कंपन्यांच्या बोटींवर जाणारी ही माणसे सारंग (खलाशांचा मुख्य) आणि टंडेल (त्याचा दुय्यम) यांच्या हुकमतीत राबत. गोऱ्या खलाशाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतका पगार आणि कायद्यानेच कमी ठरविलेली झोपण्याची जागा त्यांच्या वाट्याला येई. युद्धारंभी ब्रिटिश जहाजांवर असे सुमारे पन्नास हजार हिंदी खलाशी होते. १९३९ साली त्यांनी संप करून वेतनवाढ मागितली, तेव्हा त्यांतील कित्येकांना तुरुंगात टाकण्यात आले. काम करून घेताना ज्यांना पुरते खलाशी मानले नाही, त्यांच्याकडून मरताना मात्र पुरत्या खलाशाची अपेक्षा करायची, हा न्याय कोणत्या दफ्तरात बसतो?

याच न्यायाची झळ आमच्या शहरालाही लागली आहे. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या नाविकांच्या बंडापाठोपाठ जबलपूरच्या सिग्नल केंद्रातील जवान बराकींतून बाहेर पडले आणि त्यांनी घोषणा देत मिरवणूक काढली. वेतनातील व वागणुकीतील भेद हे त्यांच्या तक्रारींचे मूळ होते. सरकारदरबारी त्याची नोंद बेशिस्त म्हणून झाली आणि अनेकांना शिक्षा व बडतर्फी भोगावी लागली. तो प्रसंग आज येथील थोड्याच लोकांना ठाऊक आहे.

मुंबईच्या मशीद बंदर भागातील इंडियन सेलर्स होममध्ये त्या युद्धात कामी आलेल्या हिंदी नाविकांच्या नावांची नोंदवही ठेवलेली आहे. तिची दुसरी प्रत चितगावच्या युद्ध-दफनभूमीत आहे. त्या नावांची तालुकावार, गाववार यादी करून ती मराठीत छापण्याचे काम एखाद्या विद्यापीठाने किंवा इतिहास मंडळाने अंगावर घ्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ‘रोहना’वर मेलेल्या अमेरिकन सैनिकांची नावे त्यांच्या देशबांधवांनी उशिरा का होईना, पण मोठ्या कष्टाने गोळा केली, आमच्या खलाशांची नावे तर वहीत आयती लिहिलेली आहेत.