एकहाती मासिकाचा वाचक

१९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून मराठी वाचकाने या प्रकारावर आपली वहिवाटच सिद्ध केली, हे खरे, तरीही दिवाळी अंकात लेखक आणि वाचक यांची जी गाठ पडते ती बहुधा लग्नमंडपातल्या भेटीसारखी असते, म्हणजे गर्दी फार, बोलणे थोडे, आणि कोण कोणाकडचा हे पंगत उठेपर्यंत नीटसे उमगत नाही. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला नियतकालिकांची एक विरळ जात आहे. तिथे लेखक, संपादक, मुद्रितशोधक आणि पुष्कळदा हिशेबनीसही एकच असामी असते. अंक उशिरा निघाला तर त्याचा जाब विचारायला दुसरे कोणी सापडत नाही, आणि वर्गणीदारही जी वर्गणी पाठवतो ती, खरे पाहता, एका माणसाचे बोलणे महिन्यामागून महिना ऐकत राहण्यासाठीच पाठवतो.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जानेवारी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली तेव्हा त्यांना चोवीस वर्षेही पुरी झाली नव्हती. पुढे मालेचे ८४ अंक निघाले आणि ते जवळजवळ सर्वस्वी त्यांच्याच लेखणीतून उतरले. मराठी भाषेची तत्कालीन अवस्था, इतिहास, वाचन, वक्तृत्व, मोरोपंतांची कविता, डॉक्टर जॉन्सन, असे विषय एकामागून एक येत गेले; त्यांत एक सूत्र शोधू गेल्यास ते विषयांत सापडत नाही, ज्याला उद्देशून हे सर्व चालले होते त्या श्रोत्यात सापडते. तो श्रोता म्हणजे नव्या इंग्रजी शाळेतून बाहेर पडलेला, मेकॉले मुखोद्गत असलेला आणि घरच्या भाषेत दोन पाने लिहिण्याचा प्रसंग आला की संकोचाने आक्रसणारा तरुण. शास्त्रीबोवांना हा तरुण आतून बाहेरून माहीत होता, कारण त्यांचे स्वतःचे संगोपन त्याच ग्रंथांवर झाले होते; वडील कृष्णशास्त्री यांनी आरंभिलेले जॉन्सनच्या ‘रासेलस’चे भाषांतर पुढे त्यांनीच तडीस नेले होते. असा वाचक १८७४ मध्ये आयता तयार होता असे मानण्याचे कारण नाही. त्याच्याशी तो अस्तित्वात आहे असे गृहीत धरून सहा-सात वर्षे बोलत राहिल्यामुळे तो घडला, आणि जानेवारी १८८० मध्ये त्यांचे न्यू इंग्लिश स्कूल उघडले व पुढच्याच वर्षी ‘केसरी’ निघाला तेव्हा हाताशी लागणारा वर्ग पुष्कळ अंशी मालेने मशागत केलेला होता.

नवल वाटते ते असे, की इतकी जवळीक साधणाऱ्या या लेखकाने स्वतःच्या घरादाराविषयी वाचकाला जवळजवळ काहीच सांगितले नाही. सरकारी नोकरी, रत्नागिरीस झालेली बदली, १८७९ मध्ये दिलेला राजीनामा, ही सारी उलथापालथ माला चालू असतानाच घडली. पण मालेतून शास्त्रीबोवा ओळखीचे होतात ते त्यांच्या वाक्याच्या वळणामुळे, उपरोधामुळे आणि प्रतिपक्षावर तुटून पडण्याच्या त्यांच्या ठरलेल्या ढंगामुळे. अलीकडे लेखकाने आपले खाजगी जीवन जितके उघडे करावे तितका तो वाचकाच्या निकट जातो अशी एक समजूत बळावली आहे. ती मला मुळातच भ्रामक वाटते. धारवाडला राहून सभासंमेलनांपासून कटाक्षाने दूर राहिलेल्या कथाकार जी. ए. कुलकर्णींनी पत्रे मात्र किती भरभरून लिहिली याची साक्ष त्यांच्या पत्रसंग्रहांचे खंड देतातच, आणि सुनीताबाई देशपांडे यांच्यासारख्या चोखंदळ वाचकाशी त्यांचा जो स्नेह जडला त्याचा सारा भार मुख्यत्वे टपालखात्यानेच वाहिला.

मात्र मालेच्या या जवळिकीला एक कुंपण होते, आणि ते दृष्टीआड करणे अप्रामाणिकपणाचे होईल. जोतीराव फुल्यांच्या लेखनाचा परामर्श घेताना शास्त्रीबोवांनी त्यांच्या विचारांइतकीच त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाचीही टवाळी केली. आपल्या वर्तुळातल्या वाचकाला ती वाचताना गुदगुल्या झाल्या असतील. परंतु ज्या मराठी माणसाच्या वतीने फुले लिहीत होते त्याला हे दार आपल्यासाठी नाही एवढेच त्यातून कळले असणार. लेखक आपल्या माणसांशी जितका खुलून बोलतो तितकाच, पुष्कळदा नकळत, तो आपली माणसे कोण नाहीत हेही जाहीर करून टाकतो. विष्णुशास्त्री १७ मार्च १८८२ रोजी, वयाची बत्तीस वर्षे पुरी होण्याआधीच गेले. हे दार पुढे त्यांनी किलकिले केले असते काय, हा प्रश्न त्यामुळे तसाच राहिला.

वाचकाला उलट बोलण्याची सोय मात्र त्याच सुमारास स्वस्त झाली होती. १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले. त्या सोयीचे पूर्ण मोल वसूल करणारे मराठी मासिक पाहावयाचे तर जवळजवळ अर्धशतक ओलांडून रघुनाथ धोंडो कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’कडे यावे लागते. कर्वे गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ मध्ये त्यांना महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली, आणि जुलै १९२७ पासून त्यांनी हे मासिक चालवले. त्यातले वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे हे सदर मला सर्वांत मोलाचे वाटते. जे घरात वडिलांना, गावात वैद्याला, इतकेच काय पण शेजारी निजणाऱ्या पत्नीलाही विचारण्याची छाती होत नसे, ते गृहस्थ कर्व्यांना लिहून विचारीत. उत्तर येई ते कोरडे, त्रोटक आणि पुराव्याला धरून. त्यात सांत्वनाचा शब्द क्वचितच, आणि प्रश्नात भोळसट समजूत दडलेली असली तर ती निर्दयपणे उपटून टाकलेली. वाचक तरीही लिहीत राहिले. मला तर असे वाटते की ते त्या कोरडेपणामुळेच लिहीत राहिले, कारण ज्याला लाज वाटत असते त्याला कळवळ्यापेक्षा निर्विकार उत्तराचा आधार अधिक वाटतो.

सरकारला हा पत्रव्यवहार मानवला नाही. १९३१ मध्ये एका लेखाबद्दल अश्लीलतेच्या आरोपाखाली कर्व्यांना शंभर रुपये दंड झालाच होता; १९३४ मध्ये पुन्हा खटला उभा राहिला तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. या वेळी त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. मासिक ज्या विषयाला वाहिलेले आहे त्याच विषयावर वाचक शंका विचारणार, आणि विचारल्यावर लेखकाने उत्तर द्यायचे की नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. निकाल विरुद्ध गेला आणि दोनशे रुपये दंड भरावा लागला. लेखक-वाचक संबंधाविषयी आपल्याकडे पुष्कळ गोड गोड लिहिले गेले आहे. पण वाचकाच्या पत्राला उत्तर देणे हाच अपराध ठरून त्याची किंमत रोख मोजावी लागल्याचा हा दाखला त्या सगळ्या लिखाणाहून अधिक बोलका आहे. फुल्यांच्या भाषेला हसणाऱ्या मालेपेक्षा, कोणाच्याही मोडक्यातोडक्या प्रश्नाला जागा देणारे हे मासिक मला म्हणूनच अधिक साहित्यिक वाटते, मग त्याची गणना वाङ्मयाच्या इतिहासात कोणी करो वा न करो.

कर्वे १४ ऑक्टोबर १९५३ रोजी वारले. नोव्हेंबरच्या अंकानंतर मासिक बंद झाले. एकहाती उद्योगाचा शेवट असाच होतो. या दिवाळीत आपल्या घरी आलेल्या अंकांपैकी एखाद्यात काही खटकले, पटले नाही किंवा अर्धवट वाटले, तर वाचकाने लेखकाला अभिनंदनाचे पत्र लिहिण्याआधी तो प्रश्न लिहून पाठवावा, अशी माझी विनंती आहे. या लेखाबाबतही तसेच करावे. उत्तर देण्याची जबाबदारी माझी.